पाइनच्या पानांचा जमाखर्च

फिनलंडच्या अरण्यांतील स्कॉट्स पाइन हा वृक्ष बारमाही हिरवा, सबब त्याच्या सुईसारख्या पानांच्या अंतरंगातही वर्षभर काही घडत नसावे, असा ग्रह सहज होतो; परंतु शरदात दिवस आखडू लागताच त्या पानांतील पिष्टाचे कोठार रिते होते आणि सुक्रोज, रॅफिनोज या विद्राव्य शर्करा पेशींत साठून कडाक्याच्या थंडीत पेशींची पटले शाबूत राखतात.

याहून नवलाचा बंदोबस्त प्रकाशाचा. सरत्या हिवाळ्यात ऊन लख्ख पडते, पण गारठ्यामुळे प्रकाशसंश्लेषण जवळजवळ ठप्प. तेव्हा हरितद्रव्याने शोषलेल्या ऊर्जेने पानाचीच हानी होऊ नये म्हणून झिअ‍ॅक्सॅन्थिन हे पिवळे रंगद्रव्य, जे उन्हाळ्यात भर दुपारी वाढून रात्री ओसरते, ते हिवाळाभर मुक्काम ठोकून ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकीत राहते. उघड्यावरच्या शेंड्यांची पाने त्या दिवसांत किंचित पिवळट दिसतात, ती काही रोगट नव्हेत.

वसंतात अन्न सिद्ध होऊ लागते, पण ते खाणारे कोंब अद्याप मिटलेलेच असतात. या संधिकाळात पानाचा पातळ काप आयोडिनात बुडविला, तर साठलेल्या पिष्टामुळे तो काळानिळा होतो. हा साठा पुढे नव्या पालवीवर खर्ची पडतो. जीर्ण पान गळण्यापूर्वी वृक्ष त्यातील नत्र, स्फुरद व पालाश यांचा बराचसा अंश वसूल करून घेतो. कॅल्शियम मात्र पानाबरोबर मातीत जाते. अशा या चढउतारांमुळेच वनांचे पोषण तपासणारे शास्त्रज्ञ पानांचे नमुने सुप्तावस्थेच्या ऋतूत, म्हणजे प्रमाणे स्थिरावल्यावर, गोळा करतात.