बाळाचे पाय गार आहेत का?

मी परिचारिका आहे. मागच्या पौषात इंदापूर तालुक्यात भवानीनगरजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेले होते. तेथे चार दिवसांचे बाळ दुपट्यात गुंडाळून निजवले होते. आजी म्हणाली, "लई गुणाचं हाय, सिस्टरबाई. रडतच न्हाई." हात लावला, तर पाय गार आणि पोटही गार! दूध ओढण्याचेही त्राण नव्हते. त्याला टोपरे घालून आईच्या उघड्या छातीशी लावले, वरून गोधडी पांघरली आणि १०८च्या गाडीने बारामतीला नेले. बाळ वाचले.

मातांनो, नवजात बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ तर लवकर गारठते. कोलंबियातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा १९७८ साली डॉक्टरांनी अशी बाळे आईच्याच छातीशी ठेवायला सुरुवात केली. हीच आजची 'कांगारू' पद्धत.

पहिल्या दिवशी बाळाला आंघोळ घालू नका. पोट व पाय हाताने चाचपून पाहा. फक्त पाय गार असतील, तर छातीशी घेऊन दूध पाजा. पोटही गार असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर तसेच छातीशी धरून ताबडतोब दवाखाना गाठा. न रडणारे बाळ गुणी असेलच असे नाही.