पाडायच्या इमारतीतली चित्रं

पेठहून नाशिकला कामाला, बाजाराला, दवाखान्यात जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकींनी शहरातल्या रिकाम्या इमारती पाहिल्या असतील. खिडक्या काढून नेलेल्या, दाराला साखळी, भोवती पत्रे आणि वर पाटी : पुनर्विकास. म्हणजे जुनी इमारत पाडून तिथे नवी, उंच इमारत होणार. पण पाटी लागली म्हणजे उद्या पाडापाडी सुरू झाली, असं होत नाही. भाडेकरूंच्या सह्या, पालिकेची परवानगी, बँकेचं कर्ज, कोर्टातला एखादा दावा, यात महिने जातात, कधी वर्षं जातात. मग तोपर्यंत त्या जागेत काय होतं?

बहुतेक ठिकाणी काहीच होत नाही. कुत्री आणि कबुतरं राहतात, भंगारवाले पाइप काढून नेतात. पण काही ठिकाणी मालक ती जागा थोड्या दिवसांसाठी चित्रकारांना, नाटकवाल्यांना, प्रदर्शनवाल्यांना देतो. त्याविषयी आज बोलू. कारण अशा कामांत वारली चित्रं काढायला, शिवणकाम, बांबूकाम मांडायला गावातल्या बायकांनाही बोलावणं येतं. जायला हरकत नाही, पण जाताना काय विचारायचं ते माहीत हवं.

काही दिवसांपुरती उभी राहणारी कला आपल्याला नवी नाही. बोहाड्याच्या रात्री गावातली रोजचीच जागा रंगभूमी होते आणि सोंगं संपली की पुन्हा जागा मोकळी. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाशिणी काढतात; गेरू-शेणाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. पुढे भिंत सारवली की चौक गेला. 1970 नंतरच्या काळात ही चित्रं कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांचं नाव परदेशात पोचलं, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावरचं चित्र टिकतं, विकतं. भिंतीवरचं टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. शहराची गोष्ट वेगळी आहे. तिथे भिंत एकाची, चित्र दुसऱ्याचं आणि पैसा तिसऱ्याचा असतो.

आता मुंबईकडे जाऊ. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुष्कळ गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. परळ, लालबाग, भायखळा इथे प्रचंड शेड, चिमण्या आणि मोकळी जमीन पडून राहिली. कुलाब्याची मुकेश मिल तर शूटिंगसाठीच ओळखली जाऊ लागली. अमिताभ बच्चनच्या 'हम' सिनेमातलं गाजलेलं गाणं तिथलंच. इतर गिरण्यांत हळूहळू स्टुडिओ आले, चित्रांच्या गॅलऱ्या आल्या, मग हॉटेलं आणि मॉल.

जमिनीचं काय ठरलं तेही ऐका. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन भाग करायचे होते : एक पालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. इमारती उभ्या असलेली जमीन वाटणीतून वगळली आणि मोकळी होती तेवढीच वाटायची ठरली. म्हणजे पहिल्या दोघांच्या वाट्याला फारच थोडी आली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. चित्रकारांचा यात दोष नाही. पण पडीक जागेत कला आली की लोक येऊ लागतात, जागेचं नाव होतं आणि भाव चढतो. मालक जागा स्वस्तात देतो ते धर्मादाय म्हणून नाही. जागेवर राखण होते, चोऱ्या थांबतात आणि फुकट जाहिरात होते.

कुलाब्याजवळच ससून डॉक आहे. 1875 साली बांधलेला हा मासळीचा धक्का अजून चालतो. पहाटे बोटी लागतात, कोळणी लिलावात उभ्या राहतात, बायका पाटावर बसून कोलंबी सोलतात. 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टार्ट इंडिया या संस्थेने तिथल्या जुन्या गोदामात मोठं प्रदर्शन भरवलं. प्रवेश फुकट होता. देशातले-परदेशातले चित्रकार आले आणि धक्क्यावर काम करणाऱ्या माणसांचेच चेहरे मोठाले फोटो करून भिंतींवर लावले. ज्या बाईकडे शहर नाक मुरडून पाहतं तिचा चेहरा दोन पुरुष उंचीचा झाला, हे मला आवडलं. जे लोक कधी त्या वासात पाय ठेवत नाहीत ते रांग लावून आले. प्रदर्शन संपलं, गोदाम पुन्हा गोदाम झालं. 2022-23 च्या हिवाळ्यात पुन्हा एक मोठा कलामहोत्सव तिथेच झाला. पण कोलंबी सोलणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर, पायाखाली कोरडी जमीन, जवळ संडास हे प्रश्न चित्रांनी सुटत नाहीत आणि ते चित्रकारांकडून सुटावेत असं म्हणणंही बरोबर नाही. ते जागेच्या मालकाचं आणि सरकारचं काम.

आता कागद. अशी जागा बहुधा भाड्याने देत नाहीत, लिव्ह अँड लायसन्सवर देतात. दोन्हींत फार फरक आहे. भाडेकरूला जागेवर हक्क मिळतो, त्याला सहज काढता येत नाही. मुंबईतल्या जुन्या चाळींचे खटले त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या चालतात. लायसन्स म्हणजे फक्त वापरायची परवानगी. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात तिची व्याख्या आहे आणि जागेवर तिने कसलाही हक्क तयार होत नाही. कराराची मुदत पुष्कळदा 11 महिन्यांची असते. आपल्या महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो. तेव्हा एखाद्या बचत गटाला शहरातल्या जुन्या इमारतीत सहा महिने दुकान मिळालं, तर भिंतीत फळ्या ठोकू नका, फरशी बसवू नका. उचलून नेता येईल तेवढंच सामान ठेवा. आणि आधी जागा सोडायला सांगितलं तर किती दिवसांची नोटीस मिळेल, हे लिहून घ्या.

त्याहून मोठी गोष्ट जिवाची. जी इमारत पाडायची ठरली आहे तिच्यावर मालक खर्च करत नाही. वायरी उघड्या, जिना खिळखिळा, पाणी नाही. 2 डिसेंबर 2016 ला अमेरिकेत ओकलंड शहरात कलाकार राहत होते त्या गोदामात कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि 36 माणसं गेली. वरच्या मजल्यावर जायचा जिना लाकडी फळ्या जोडून केलेला होता. त्यानंतर वर्षभराने, 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री, मुंबईच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलात आग लागून 14 जण गेले. त्यांत 11 बाया होत्या. ते प्रदर्शन नव्हतं, पण जुन्या गिरणीच्या आवारात नवा धंदा घुसवण्याचाच तो प्रकार. म्हणून कुठेही कामाला गेलात तर आत शिरल्याबरोबर बाहेर पडायचे दोन रस्ते बघा. एकच असेल आणि त्यावरही सामान रचलेलं असेल, तर मजुरी कितीही चांगली असो, तिथे मुलांना घेऊन झोपू नका.

आणि चित्र कुणाचं? इथे आपल्या बायका फसतात. भिंतीवर, पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्या चित्राचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा होतो. तो ते चित्र पिशवीवर, कॅलेंडरवर छापून विकू शकतो. हे नको असेल तर आधीच लिहून घ्यावं लागतं : चित्र या भिंतीपुरतं, इतर कुठे छापायचं तर वेगळे पैसे. एक हक्क मात्र कलाकाराकडेच राहतो. हे चित्र मी काढलं असं सांगण्याचा आणि त्याची बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. कलम 57.

दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं काशाचं मोठं भित्तिशिल्प होतं, सुमारे 140 फूट लांब. 1979 साली दुरुस्तीच्या वेळी ते काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले. सहगल कोर्टात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. पण सगळे खटले असे लागत नाहीत. प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स 2017 मध्ये पाडलं, तेव्हा त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल हेही कोर्टात गेले होते. 2019 साली त्याच उच्च न्यायालयाने सांगितलं, जमीनमालकाला इमारत पूर्ण पाडण्यापासून रचनाकार अडवू शकत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट याच्या उलट. फाइव्ह पॉइंट्झ नावाचा जुना कारखाना मालकाने चित्रकारांना वर्षानुवर्षं रंगवायला दिला होता. तिथे उंच इमारती बांधायच्या ठरल्या आणि 2013 च्या नोव्हेंबरात एका रात्रीत त्याने भिंतींवर पांढरा रंग फासला. इमारत पाडायला त्याला बंदी नव्हती. पण तिथल्या कायद्यात चित्रकाराला 90 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे काढता येईल ते काढून नेता येतं. ती न देता घाई केली म्हणून 2018 मध्ये कोर्टाने 21 चित्रकारांना मिळून 67 लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. आपल्याकडे अशी 90 दिवसांची तरतूद नाही. तेव्हा आपली नोटीस आपणच करारात लिहून घ्यायची. निदान एवढं तरी की पाडण्याआधी कळवाल आणि आम्हाला फोटो काढू द्याल.

पॅरिसमध्ये त्याच वर्षी सगळं आधी ठरवून झालं. टूर पॅरिस 13 ही नऊ मजली राहती इमारत पाडायची होती. शंभरावर चित्रकारांनी खोल्या, मोऱ्या, जिने रंगवले, ऑक्टोबर 2013 हा एक महिना लोकांना फुकट पाहायला दिलं, माणसं तासन्‌तास रांगेत उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी इमारत पाडली. कुणी भांडलं नाही, कारण तारीख पहिल्या दिवसापासून माहीत होती.

मला स्वतःला मात्र पॅरिसचंच दुसरं उदाहरण जास्त पटतं. सेंट व्हिन्सेंट द पॉल नावाचं जुनं इस्पितळ बंद पडलं. नवी वस्ती बांधायला वेळ होता, म्हणून 2015 ते 2020 तिथे 'ग्रां व्हवाझां', म्हणजे थोरले शेजारी, नावाचा उपक्रम चालला. बेघर माणसांना त्याच आवारात राहायला खोल्या, शेजारी चित्रकारांच्या आणि कारागिरांच्या कार्यशाळा, एक कॅन्टीन. कार्यशाळावाल्यांकडून बाजारभावाचं भाडं घेत नसत; वीज, पाणी, डागडुजी यांच्या खर्चापुरते पैसे घेत. बाहेरची माणसं जेवायला, बाजाराला येत आणि राहणाऱ्यांपैकी काहींना तिथेच काम मिळे. म्हणजे रिकाम्या जागेत आधी माणसाची सोय आणि तिच्या जोडीने कला.

आपल्याकडे सगळ्यात जवळचं असं ठिकाण पणजीत आहे. गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला गेल्यावर मांडवीकाठची त्याची जुनी इमारत मोकळी झाली. ती पाडली नाही. 2004 पासून तिच्या आवारात चित्रपट महोत्सव भरू लागला आणि 2016 पासून डिसेंबरातला सेरेंडिपिटी कला महोत्सवही तिथे असतो. आपल्या तालुक्यातही बंद पडलेल्या आश्रमशाळेच्या जुन्या खोल्या, रिकामी गोदामं, वापरात नसलेली समाजमंदिरं आहेत. ग्रामसभेत विचारायचं झालं तर पहिला प्रश्न हा असू द्या : ही जागा कुणाच्या नावावर आहे आणि ती पाडायची तारीख ठरली आहे का?