लेखकाचे देणे

हमाली, तोलाई, आडत, दलाली, भाडे. मालाच्या एका पोत्यामागे किती जणांचे कष्ट उभे असतात, हे व्यापारी घराण्यांना सांगावे लागत नाही. प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो आणि तो ज्याच्या त्याच्या नावे वहीत जमा होतो. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी जुनी देणी चुकती करण्याचा परिपाठही आपल्या पेढ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. तरीही एक देणे आपल्या वहीत क्वचितच आढळते. ते म्हणजे लेखकाचे.

एखाद्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघते, एखाद्या पेढीचा इतिहास प्रसिद्ध होतो, एखाद्या घराण्याची वंशावळ ग्रंथरूपाने छापली जाते. मुद्रकाला आगाऊ रक्कम दिली जाते. कागद, बांधणी, छायाचित्रे, मंडप आणि भोजन या प्रत्येकासाठी अंदाजपत्रकात तरतूद असते. मात्र ज्याने चार-सहा महिने जुनी कागदपत्रे चाळली, वडीलधाऱ्यांकडून आठवणी टिपून घेतल्या, मजकूर तीनदा तपासला, त्याच्या वाट्याला शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ येतो. सन्मान जरूर करावा. परंतु सन्मान आणि मोबदला ही दोन स्वतंत्र खाती आहेत. ‘मानधन’ या शब्दात मान आणि धन दोन्ही आहेत. आपण बहुधा पहिल्यावरच भागवतो.

‘लेखन ही सरस्वतीची सेवा, तिचे मोल कसे करावे?’ असा प्रश्न काही मंडळी आदरानेच विचारतात. वस्तुतः आपल्या परंपरेने हे मोल केलेले आहे. जुन्या ग्रंथभांडारांतील अनेक हस्तलिखितांच्या अखेरीस ‘ग्रंथाग्र’ म्हणून एक आकडा नोंदलेला आढळतो. ३२ अक्षरांचा एक श्लोक, हे त्याचे माप. मजकूर गद्य असो वा पद्य, त्याची लांबी या मापाने मोजली जाई आणि लहियाची, म्हणजे नक्कल करणाऱ्या व्यावसायिक लेखनिकाची, मजुरी त्यावरून ठरविता येई. ग्रंथ पवित्र होता, म्हणून तो उतरवून देणाऱ्याने उपाशी राहावे, असे कोणी मानले नाही. नकलेला दर होता, तर मूळ रचनेला तो का नसावा?

आता पुस्तकाचा हिशेब मांडून पाहू. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची आणि लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या १० टक्के आहे. सर्व प्रती खपल्या तर लेखकाला ३०,००० रुपये मिळतील. पुस्तक लिहिण्यास दोन वर्षे आणि आवृत्ती संपण्यास तीन वर्षे लागली, असे धरले तर ही प्राप्ती महिन्याला ५०० रुपये पडते. विक्रेत्याची सूट, प्रकाशकाची गुंतवणूक, न खपलेल्या प्रतींचा धोका या गोष्टी खऱ्याच आहेत. त्यांचा विचार करूनच हा दर ठरलेला असतो. पण मुळात वाटा इतका लहान असताना तोही बुडाला वा वर्षानुवर्षे लांबला, तर लेखकाच्या हाती काय उरते?

प्रश्न केवळ दराचा नाही, हिशेबाच्या पारदर्शकतेचाही आहे. हिंदीतील ज्येष्ठ साहित्यिक विनोदकुमार शुक्ल यांनी २०२२ मध्ये, आपल्या पुस्तकांपोटी फार तुटपुंजी रक्कम मिळत असल्याची खंत जाहीरपणे व्यक्त केली होती. याच लेखकाला २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाने सहा महिन्यांच्या विक्रीपोटी ३० लाख रुपये दिल्याचे वृत्त आले. लेखक तोच, लेखणी तीच. चोख हिशेब दिला गेला, तर गंभीर साहित्यालाही बाजारात पत असते, एवढा बोध व्यापाऱ्याने यातून घ्यावा.

बँकेच्या सेवेत कर्जप्रकरणे पाहताना एक गोष्ट ध्यानी येई. मुद्रक यंत्र तारण ठेवतो, कागदाचा व्यापारी गोदामातील साठा दाखवितो. लेखकाची मालमत्ता डोळ्यांना दिसत नाही. पण कायद्याला ती दिसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीवरील स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यावयाचा तर लेखी व स्वाक्षरीचा करार हवा, आणि त्यात रॉयल्टी वा अन्य मोबदल्याचा उल्लेख हवा. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकारांचा आणि संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटाही सुरक्षित केला. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हिरिरीने बाजू मांडली होती.

साहित्याची कदर आपल्या समाजाला नवी नाही. साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन या उद्योगपती दांपत्याच्या पुढाकाराने १९४४ मध्ये भारतीय ज्ञानपीठ ही संस्था उभी राहिली. तिच्या पुरस्काराने मराठीत वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे यांचा गौरव झाला. व्यापारातील धनाने साहित्याचा केवढा मान राखता येतो, याचे हे उदाहरण. मात्र पुरस्कार वर्षाकाठी एखाद्यालाच लाभतो. मोबदला लिहिणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे.

लहान संस्थांकडे पैसा कमी असतो, हे मान्य. तेव्हा रक्कम थोडी असली तरी चालेल. पण ती काम सुरू होण्यापूर्वी सांगावी, कागदावर लिहावी आणि छपाईच्या बिलाबरोबरच चुकती करावी. भाषांतर, मुद्रितशोधन, मुलाखतींचे शब्दांकन ही कामेही त्यात धरावीत. देण्यासारखे काहीच नसेल, तर तसे आरंभीच स्पष्ट सांगावे आणि निर्णय लेखकावर सोपवावा. त्याने स्वखुशीने विनामूल्य लिहून दिले, तर ते त्याचे दान होय. मग कागदाचा खर्च उचलणाऱ्या दात्याचे नाव ज्या पानावर छापतो, त्याच पानावर लेखकाचेही नाव दाता म्हणून छापावे. न विचारता घेतलेल्या श्रमाला मात्र दान म्हणता येत नाही. वहीच्या भाषेत ती उधारी आहे.

आपल्या घरातील एखादी सून किंवा नातू आज कथा-कविता लिहीत असेल. ‘यात पोट भरते का?’ असे त्यांना विचारण्यापूर्वी, गेल्या वर्षी आपल्या संस्थेने कोणाकडून काय लिहून घेतले आणि त्यापोटी काय दिले, हे एकदा वही उघडून पाहावे. बाकी निघत असेल, तर येत्या वहीपूजनापूर्वी ती फेडण्यास अजून अवधी आहे.