कधी सुरू होते, कधी होत नाही : पुश-बटण स्टार्ट असलेल्या गाडीतील अनियमित दोषाचा शोध

१. प्रस्तावना

बटण दाबूनही इंजिन कधीच सुरू होत नसेल, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो. खरी कसोटी लागते ती दहांपैकी नऊ वेळा व्यवस्थित सुरू होणाऱ्या गाडीत. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की पहिल्याच दाबाला सुरू होते. मल्टिमीटर सगळीकडे १२ व्होल्ट दाखवतो. मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, नंतर स्टार्टर, नंतर रिले. पैसे खर्च होतात आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा रस्त्यात अडून बसते.

या पाठात आपण अशा दोषाकडे विद्युत मंडलाच्या दृष्टीने पाहणार आहोत. दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवायच्या आहेत. पहिली, अनियमित दोष हा पुष्कळदा दोन अर्धवट दोषांची बेरीज असतो. दुसरी, तो मोजायचा असेल तर मंडलातून धारा वाहत असताना आणि दोष हजर असतानाच मोजावा लागतो.

हा पाठ समजण्यासाठी ओहमचा नियम आणि रिलेचे कार्य माहीत असणे पुरेसे आहे.

२. उदाहरणादाखल घेतलेली गाडी

होंडा एस२००० ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९९९ ते २००९ या काळात तयार होत होती. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीतील १९९७ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जात असे. गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल, सहा गिअरचा. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे हिला किल्ली आणि बटण दोन्ही आहेत. किल्ली घालून ‘ऑन’ स्थितीत फिरवायची, क्लच पूर्ण दाबायचा आणि मग डॅशबोर्डवरचे लाल बटण दाबायचे.

अलीकडच्या गाड्यांत खिशातली रिमोट किल्ली ओळखणे, ब्रेक किंवा क्लचची स्थिती पाहणे, स्टिअरिंगचे कुलूप उघडणे ही सगळी कामे संगणकीय नियंत्रक करतो. तिथे बटण म्हणजे केवळ एक विनंती असते. एस२०००मध्ये मात्र साखळी लहान आहे, म्हणून शिकण्यासाठी ती सोयीची.

३. मंडलाची रचना

समजण्याच्या सोयीसाठी मंडलाचे दोन भाग करू. वायरींचा नेमका क्रम वर्षानुसार आणि बाजारपेठेनुसार बदलतो, म्हणून प्रत्यक्ष काम करताना त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृती समोर ठेवावी.

अ) शक्तिमंडल : बॅटरीचा धन अग्र, जाड केबल, सोलेनॉइडमधील तांब्याचे मुख्य संपर्क, स्टार्टर मोटर, इंजिनचा ठोकळा, अर्थ केबल आणि परत बॅटरीचा ऋण अग्र. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात यातून साधारणपणे १०० ते २०० अँपिअर धारा वाहते.

आ) नियंत्रण मंडल : फ्यूज, इग्निशन स्विच, स्टार्ट बटण, क्लच इंटरलॉक स्विच, रिले आणि सोलेनॉइडचे लहान टर्मिनल. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१ ते ०.२ अँपिअर धारा पुरते. परंतु रिलेच्या संपर्कांतून सोलेनॉइडकडे जाणारी धारा क्षणभर ३० ते ४० अँपिअरपर्यंत असू शकते.

सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक दट्ट्या खेचून घेणारी, दुसरी खेचलेला दट्ट्या धरून ठेवणारी. दट्ट्या आत गेला की स्टार्टरचे पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकते, मुख्य संपर्क जुळतात आणि मोटर फिरते.

४. आधी लक्षण, मग हत्यार

पान्याला हात लावण्यापूर्वी कान वापरावेत. बटण दाबल्यावर तीनपैकी एक गोष्ट घडते.

• काहीच आवाज नाही : प्रथम संशय नियंत्रण मंडलावर.
• एक ‘टक्’ आवाज, पण मोटर फिरत नाही : सोलेनॉइडचे झिजलेले मुख्य संपर्क, जाड केबलींचे जोड, किंवा मोटरचे ब्रश. भराभर ‘टक् टक् टक्’ असा आवाज आला तर प्रथम बॅटरी तपासावी.
• मोटर नेहमीच्या वेगाने फिरते, पण इंजिन पेट घेत नाही : स्टार्टर निर्दोष आहे. शोध इंधन, ठिणगी आणि इमोबिलायझर यांकडे वळवावा. किल्ली ओळखली गेली नाही तर होंडाच्या गाड्यांत डॅशबोर्डवरील किल्लीचे चिन्ह उघडमीट करते. किल्ली ‘ऑन’ केल्यावर दोनेक सेकंद इंधनपंपाचा घुरघुराट ऐकू येतो का, हेही पाहावे.

‘गाडी सुरू होत नाही’ ही तक्रार या तिन्हींसाठी सारख्याच शब्दांत येते. म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘आवाज कसा येतो?’ हा. दुसरा प्रश्न, ‘केव्हा होते?’ थंड गाडीला, लांबच्या प्रवासानंतर लगेच, पावसात, की गाडी महिनाभर उभी राहिल्यावर? गाडीत एक छोटी वही ठेवून दर वेळची नोंद करायला सांगावे. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी कित्येकदा महागड्या स्कॅनरपेक्षा उपयोगी पडतात.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत शेवटचा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण ती बरेचदा नुसती उभी असते. उभ्या गाडीत ०.०५ अँपिअरची गळती असेल, तर ३० दिवसांत ०.०५ × ७२० = ३६ अँपिअर-तास खर्च होतात. लहान बॅटरी तेवढ्यानेच जवळजवळ रिकामी होते.

५. दोन अर्धवट दोष : एक सोडवलेले उदाहरण

समजा, वहीतील नोंदी सांगतात की गाडी सकाळी नेहमी सुरू होते, पण तासभर चालवून पेट्रोल पंपावर थांबल्यावर दहा मिनिटांनी बटण दाबले तर कधी कधी काहीच होत नाही. असे का होत असावे?

गृहीत धरू : बॅटरीचे व्होल्टेज १२. सोलेनॉइडच्या दोन्ही गुंडाळ्यांचा मिळून रोध २० अंश सेल्सिअसला ०.३० ओहम. दट्ट्या खेचला जाण्यासाठी किमान २७ अँपिअर धारा हवी. रिलेचे संपर्क काळवंडल्यामुळे नियंत्रण मार्गात ०.१० ओहमचा जादा रोध आला आहे.

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. इंजिन बंद केल्यावर पाण्याचा प्रवाह थांबतो आणि ठोकळ्यातील उष्णता आसपासच्या भागांत झिरपते. सोलेनॉइड १०० अंशांपर्यंत तापला असे मानू. वाढ ८० अंशांची, म्हणजे रोध ३१ टक्क्यांनी वाढून सुमारे ०.३९४ ओहम होतो. आता चारही शक्यता पाहू.

थंड सोलेनॉइड, स्वच्छ संपर्क : १२ ÷ ०.३० = ४० अँपिअर. सुरू होते.
थंड सोलेनॉइड, काळवंडलेले संपर्क : १२ ÷ ०.४० = ३० अँपिअर. सुरू होते.
तापलेला सोलेनॉइड, स्वच्छ संपर्क : १२ ÷ ०.३९४ = ३०.५ अँपिअर. सुरू होते.
तापलेला सोलेनॉइड, काळवंडलेले संपर्क : १२ ÷ ०.४९४ = २४.३ अँपिअर. सुरू होत नाही.

वरील आकडे गृहीत आहेत, पण त्यांतून दिसणारी गोष्ट खरी आहे. एकटी उष्णता गाडी अडवत नाही, एकटा रोधही अडवत नाही. दोन्ही एकत्र आल्यावर धारा आवश्यक पातळीच्या खाली जाते. कोणी या गाडीचा स्टार्टर बदलला, तर नव्या सोलेनॉइडच्या जास्त जोरामुळे काही महिने गाडी चालेलही. पण ०.१० ओहम तिथेच असतो, आणि वाढत राहतो.

६. मल्टिमीटर ‘१२’ दाखवतो म्हणजे काय?

वरच्याच मंडलात सोलेनॉइडची वायर काढून तिच्या टोकाला मल्टिमीटर लावला आणि बटण दाबले, तर किती व्होल्ट दिसतील? मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १ कोटी ओहम असतो. त्यामुळे धारा वाहते फक्त सुमारे १.२ मायक्रोअँपिअर. एवढ्याशा धारेने ०.१० ओहमवर होणारा व्होल्टेजचा ऱ्हास नगण्य असतो. मीटर निवांतपणे १२ व्होल्ट दाखवतो.

वायर जोडलेली ठेवून, म्हणजे २४.३ अँपिअर वाहत असताना तीच मोजणी केली, तर ऱ्हास २४.३ × ०.१० = २.४ व्होल्ट येतो आणि सोलेनॉइडला मिळतात अवघे ९.६ व्होल्ट. दोष तोच, मीटर तोच, फरक फक्त भाराचा. याच कारणाने कंटिन्युइटीची ‘बीप’ही इथे भरवशाची नाही. तिला एक बारीक तार शाबूत असली तरी पुरते.

म्हणून स्टार्टरच्या बाबतीत रोध न मोजता व्होल्टेजचा ऱ्हास मोजण्याची पद्धत आहे. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या धन अग्रापासून स्टार्टरच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त, किंवा ऋण अग्रापासून इंजिनच्या ठोकळ्यापर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ऱ्हास असेल, तर त्या वाटेवरचा जोड खराब समजावा. १५० अँपिअरला ०.०१ ओहमही १.५ व्होल्ट गिळतो.

७. दोषाला हजर असताना पकडणे

दोष कधी येईल हे आपल्या हातात नसेल, तर मोजणी आधीच मांडून ठेवावी. सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला फ्यूज घातलेली लांब वायर जोडून ती केबिनपर्यंत आणावी. दुसरी वायर बॅटरीच्या धन अग्रावरून, तीही फ्यूजसह, आणावी. दोन मीटर आसनाशेजारी ठेवून गाडी नेहमीसारखी वापरावी. ज्या वेळी गाडी अडेल, त्या वेळी बटण दाबून ठेवूनच दोन्ही आकडे वाचावेत.

• बॅटरी १२, सोलेनॉइड ० : नियंत्रण मार्ग कुठेतरी तुटतो आहे. साखळीच्या मध्यावर मोजून अर्धा भाग बाद करावा, मग उरलेल्याचा अर्धा.
• बॅटरी १२, सोलेनॉइड ८ ते १० : मार्ग तुटलेला नाही, पण रोध वाढला आहे. कलम ५ मधील स्थिती.
• दोन्हीकडे जवळजवळ १२, ‘टक्’ आवाज नाही : सोलेनॉइडची गुंडाळी, अडकलेला दट्ट्या, किंवा झिजलेले ब्रश.
• दोन्हीकडे जवळजवळ १२, ‘टक्’ येतो, मोटर फिरत नाही : सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलांमध्ये मोजावे. संपर्क जुळलेले असताना तिथे जवळपास शून्य हवे. पूर्ण १२ दिसले तर संपर्क जळालेले आहेत.
• बॅटरीच ९.६ च्या खाली घसरते : बॅटरी चार्ज करून तिची भार चाचणी घ्यावी.

पहिल्या प्रकारात क्लच इंटरलॉक स्विच विसरू नये. पेडल तळाला गेल्यावर त्याच्यावरचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा लहानसा ठोकळा स्विचची पिन दाबतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो ठोकळा भुगा होऊन पडतो. मग पिन नीट दाबली जात नाही आणि पूर्ण गाडी मुकी होते. चालकाच्या पायाखाली जाड मॅट असेल तर पेडल शेवटपर्यंत जात नाही, तरीही हेच लक्षण दिसते. मॅट बाजूला करून पाहायला खर्च शून्य येतो.

८. सुरक्षितता

गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असल्याची खात्री करूनच चाचणी करावी. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे; बॅटरीच्या अग्रांमध्ये धातू आला तर तो क्षणात लालबुंद होतो. स्टार्टर सलग १० सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये, मध्ये थंड होऊ द्यावा. क्लच स्विच तपासणीपुरता जोडून पाहणे वेगळे आणि तो कायमचा ‘बायपास’ करून गाडी मालकाला देणे वेगळे. तसे केल्यास गिअरमध्ये उभी असलेली गाडी बटण दाबताच पुढे झेप घेते, आणि तिच्यापुढे कोणीही उभे असू शकते.

९. दुरुस्ती झाली हे कशावरून?

दुरुस्तीनंतर दहा वेळा बटण दाबले, दहाही वेळा गाडी सुरू झाली. एवढे पुरेसे आहे का? दोष दहांतून एकदा येत असेल, तर काहीही दुरुस्त न करता सलग दहा वेळा गाडी सुरू होण्याची संभाव्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.३५ आहे. तीनपैकी एका वेळेस आपण फसू. ही शक्यता ५ टक्क्यांखाली आणायला सलग २९ यशस्वी प्रयत्न लागतात, आणि तेही दोष येत असे त्याच परिस्थितीत, म्हणजे आपल्या उदाहरणात तापलेल्या इंजिनावर.

याहून खात्रीचा पुरावा म्हणजे आधीचा आणि नंतरचा आकडा. रिले बदलण्यापूर्वी ऱ्हास २.४ व्होल्ट होता, बदलल्यावर ०.२ झाला, असे कामाच्या नोंदीत लिहिता आले तर दोष सापडला असे म्हणता येते. नुसती ‘गाडी सुरू झाली’ ही नोंद अपुरी आहे. ती तर आधीही दहांतून नऊ वेळा सुरू होतच होती.

१०. स्वाध्याय

१. कलम ५ मधील उदाहरणात बॅटरीचे व्होल्टेज ११.४ झाले, तर चारपैकी किती स्थितींत गाडी सुरू होईल?
२. अर्थ केबलचा जोड सैल असल्यास नियंत्रण मंडलावरही परिणाम का होतो, हे आकृती काढून स्पष्ट करा.
३. दोष वीसांतून एकदा येत असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी सलग किती यशस्वी प्रयत्न हवेत?
४. रिमोट किल्ली असलेल्या गाडीत कलम ४ मधील तीन लक्षणांना आणखी कोणती कारणे जोडावी लागतील, त्यांची यादी करा.