तेलकट निरोप

प्रयोगशाळेतला माझा दिवस पाणी करण्यापासून सुरू होतो. मीठ, खायचा सोडा, थोडं पोटॅशियम, मॅग्नेशियम, ग्लुकोज. यादी वाचली तर जलसंजीवनीच्या पाकिटावरची वाटेल, आणि कामही जवळपास तेच आहे: शरीराबाहेर काढलेल्या मेंदूच्या चकतीला सहा-सात तास जगवायचं. या पाण्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे आणि ते दहा-पंधरा मिनिटं सुटल्यावरच कॅल्शियम घालायचं. घाईने आधी घातलं तर पाणी दुधाळ होतं आणि लिटरभर मोरीत ओतावं लागतं. नव्याने आलेल्या प्रत्येकाच्या हातून हे एकदा होतंच. माझ्या हातून तीनदा झालं.

मग उंदीर. तीन आठवड्यांचा. त्याला भूल द्यायची आणि पुढचं मिनिटभरात उरकायचं. नैतिक समितीच्या परवानगीची प्रत भिंतीवर लावलेली असते. ती वाचून हात हलका होत नाही, आणि तो होऊही नये असं माझं मत आहे. जीव घेतलाय तर त्या दिवशीची एकही चकती वाया जाऊ द्यायची नाही, एवढा नियम आम्ही पाळतो.

आम्हाला हवा असतो लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क. तोल, चाल, हाताचा नेम सांभाळणारा भाग. बर्फाळ पाण्यात, फेविक्विकच्या थेंबावर तो उभा चिकटवायचा आणि थरथरत्या पात्याने ३०० मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढायच्या. पातं म्हणजे दाढीचं ब्लेड, मधून मोडलेलं. ते इतकं सावकाश सरकतं की तेवढ्यात चहा पिऊन यावा. पण पात्यावरून नजर काढायला कोणी तयार नसतं. चकत्या अर्धा तास कोमट पाण्यात विसावल्या की सूक्ष्मदर्शकाखाली पहिली चकती जाते.

तिथे ओळीने बसलेल्या असतात पर्किंजे पेशी. १८३७ मध्ये पर्किंजे यांनी त्या पाहिल्या, म्हणून हे नाव. शाळेत वहीत पिंपळाचं पान ठेवायचो, त्याची हिरवी कातडी झडून नुसती जाळी उरायची. पर्किंजे पेशीचा पसारा थेट तसा: चपटा, एकाच पातळीतला, शिरांनी भरलेला. त्या जाळीतून काटकोनात बारीक तंतू आरपार जातात, समांतर तंतू म्हणतात त्यांना, आणि एकेका पेशीवर त्यांचे लाखाच्या वर सांधे असतात. हा सांधा म्हणजे सिनॅप्स. अलीकडची पेशी, पलीकडची पेशी, मध्ये अतिसूक्ष्म फट.

आता दिवसाचा खरा भाग. काचेची नळी तापवून ओढली की तिचं टोक एक-दोन मायक्रॉनचं होतं. त्या नळीला जोडलेली प्लॅस्टिकची नळी माझ्या तोंडात असते. तिच्यातून हलकी फुंकर चालू ठेवायची, म्हणजे वाटेतला कचरा टोकाला चिकटत नाही. टोक पेशीजवळ आलं की फुंकरीने तिच्या अंगावर खळी पडते. खळी दिसली की फुंकर सोडायची आणि अगदी जरासं ओढायचं, बशीतला गरम चहा ओढतो त्याहून पुष्कळ हलकं. पडद्यावरचा आकडा चढू लागतो: ५० मेगाओहम, २००, ८००, आणि मग एकदम गिगाओहमच्या वर. गिगाओहम म्हणजे शंभर कोटी ओहम. काच आणि पेशीचं आवरण एकमेकांना असं चिकटलं की मधून वीज निसटत नाही. 'सील लागलं' म्हणतात याला, आणि ते लागलं की शेजारचा माणूसही बोलायचा थांबतो. आणखी एक झटका दिला की टोकाखालचं आवरण फुटतं आणि आम्ही पेशीच्या आत. नेहर आणि साकमान या दोघांनी १९७६ मध्ये ही वाट उघडली. १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांनाही किती पेशी गमवाव्या लागल्या असतील, हा विचार वाईट दिवशी बरा वाटतो.

समांतर तंतूंना दर दोन सेकंदांनी विजेची बारीकशी टिचकी द्यायची. तंतूच्या टोकातून ग्लुटामेट सुटतं. मेंदूत पुढच्या पेशीला चेतवण्याचं बहुतेक काम ग्लुटामेटच करतं. अजिनोमोटोच्या पुडीत असतं तेच हे, फक्त पुडीतलं रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही. फट ओलांडून ते पर्किंजे पेशीवरच्या ग्राहींना लागतं. ग्राही दोन तऱ्हेचे. एक 'आम्पा' जातीचा, तो दारच आहे: ग्लुटामेट लागलं की उघडतो, सोडियम आत येतं, काही मिलिसेकंदांत सगळा खेळ संपतो. पडद्यावर खाली झेपावून परत येणारी रेघ दिसते ती याची. दुसरा 'एमग्लूआर-१'. ते दार नाही, घंटा आहे. ती एका टिचकीने वाजत नाही. टिचक्यांचा भराभर मारा झाला, ग्लुटामेट फटीतून सांडून कडेला पोचलं, की ती वाजते आणि पेशीच्या आत कामं सुरू होतात.

मी पाहते तो प्रयोग दिसायला फार साधा आहे. रेघ दर दोन सेकंदांनी झेपावते आहे: ३०० पिकोअँपिअर, २९०, ३०५. मग पर्किंजे पेशीला सेकंदभर उणे ७० मिलिव्होल्टवरून शून्यावर नेऊन ठेवायचं आणि परत आणायचं. पुढची रेघ येते ती ८०ची. टिचकी तीच, तंतू तेच, ग्राही तेच. नंतर ९५, १३०, १८०, आणि मिनिटभरात पुन्हा ३००. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नळीचं टोक बुजलं असं समजून मी ती पेशी सोडून दिली होती.

झालेलं असतं असं. शून्यावर नेल्यावर पर्किंजे पेशीत कॅल्शियम शिरतं. त्याने पेशीच्या आवरणातल्या चरबीपासूनच एक रेणू तयार होतो, २-एजी. घंटा वाजली तरी शेवटी तोच तयार होतो, आणि दोन्ही एकदम झालं तर जास्तच. तो फट उलट्या दिशेने ओलांडतो, निरोप आणणाऱ्या तंतूच्या टोकावरच्या सीबी-१ या ग्राहीला लागतो, आणि तिथली कॅल्शियमची दारं ओढून घेतो. कॅल्शियम नाही तर ग्लुटामेट सुटत नाही. थोडक्यात, ऐकणारीने बोलणाऱ्याला सांगितलं की पुरे. आणि फक्त त्यालाच सांगितलं: मोजक्या तंतूंनी मारा केला तर गप्प तेवढेच होतात, शेजारचे चालू राहतात.

पर्किंजे पेशीत कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन नळीतून सोडलं की हा परिणाम नाहीसा होतो. म्हणजे सुरुवात ऐकणाऱ्या पेशीत. लागोपाठ दोन टिचक्या दिल्या तर रेघ ८०वर असते त्या काळात दुसरीचं पहिलीशी प्रमाण वाढतं. म्हणजे घट तंतूच्या टोकाशी, सुटणाऱ्या ग्लुटामेटात. मार्च २००१ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी हे उलटं टपाल ओळखलं: हार्वर्डला क्राइट्झर आणि रेगर, सॅन फ्रान्सिस्कोला विल्सन आणि निकोल, आणि जपानात कानाझावाला कानो यांचा गट.

सीबी-१ हे नाव मात्र कॅनाबिसवरून आलं, भांग-गांजाच्या झाडावरून. इस्राएलमध्ये मेशूलाम आणि गाओनी यांनी १९६४ मध्ये गांजातला नशा आणणारा रेणू, टीएचसी, वेगळा केला. १९८८ मध्ये त्याचा ग्राही सापडला. आणि मेंदू स्वतः असं काय बनवतो ज्यासाठी हा ग्राही आहे, या शोधात १९९२ मध्ये मेशूलाम यांच्याच प्रयोगशाळेत डिव्हेन यांना एक रेणू मिळाला. त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या 'आनंद'वरून. नाव जगभर गाजलं. पण मी पाहते ते रेघ पाडण्याचं काम करतो तीन वर्षांनी सापडलेला २-एजी, ज्याला धड नावही नाही. कष्ट एकाचे आणि पंगतीला बोलावणं दुसऱ्याला, असा प्रकार.

या सगळ्या रेणूंचा एक गुण मला पुस्तकाने नाही, एका फजितीने शिकवला. ते तेलकट असतात. ग्लुटामेट पाण्यात विरघळतं, म्हणून पेशी ते पिशव्यांत भरून ठेवू शकते. २-एजी पिशवीत राहणार नाही, आवरणातून निसटेल. म्हणून तो लागेल तेव्हा, लागेल तेवढाच, तव्यावरून ताटात. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं.

एका शुक्रवारी आम्ही चकतीवर 'विन' नावाचं कृत्रिम कॅनाबिनॉइड सोडलं. रेघ ठरल्याप्रमाणे लहान झाली. चकतीवर पाणी नेणाऱ्या नळ्या पाण्याने नीट धुतल्या आणि घरी गेलो. सोमवारी पहिली पेशी: रेघ मुळातच लहान, आणि शून्यावर नेऊन आणलं तरी आणखी घटेना. दुसरी तशीच. मंगळवारी माझ्या ज्युनियरने तिसऱ्या पेशीवरून डोळे न काढता सांगितलं, "ताई, ही पण तशीच." आम्ही उंदरांवर संशय घेतला, पाण्याचा आम्लांक तपासला, कॅल्शियमची नवी बाटली फोडली. ट्यूबलाइट बंद करून अंधारात बसलो. बुधवारी सर सहज येऊन उभे राहिले, पडदा पाहिला आणि विचारलं, "नळ्या कधी बदलल्यात?"

लोणच्याचा पिवळट डबा कितीही घासला तरी वास जात नाही, तसं झालं होतं. विन प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलं होतं आणि आमच्या शुद्ध पाण्यात थेंबाथेंबाने उतरत होतं. चकत्या तीन दिवस नशेत होत्या. सीबी-१ आधीच व्यापलेला, मग पेशीचा स्वतःचा निरोप पोचून तरी काय करणार? नळ्या बदलल्या आणि दुपारच्या पहिल्याच पेशीत रेघ ३००वरून ८०वर आली.

होळीला किंवा महाशिवरात्रीला भांग घेतली की डोक्यात घडतं ते आमच्या त्या सोमवार-मंगळवारच्या जवळचं आहे. टीएचसी कुठल्या सांध्याला गप्प करायचं हे विचारत नाही. सीबी-१ दिसला की बसतो: लहान मेंदूत, स्मृतीच्या भागात, आणि इतरत्रही. २-एजी काम झालं की तंतूच्या टोकाशीच एक विकर त्याला तोडून टाकतं, मिनिटभरात विषय संपतो. टीएचसीला ते विकर तोडू शकत नाही. शिवाय तोही तेलकट, म्हणून अंगातल्या चरबीत मुरतो आणि सावकाश बाहेर येतो. रोज घेणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा आठवड्यांनंतरही सापडतात. भांग ढोसलेल्याचं पाऊल अंदाज चुकून पडतं, त्यात या पिंपळपानांच्या जाळीचा मोठा वाटा आहे. "नैसर्गिक आहे, शरीरातच तयार होतं" असं गांजाच्या बाजूने सांगणारे मला भेटतात. तयार होतं ते खरं. पण एका सांध्यापुरतं, मिनिटभरापुरतं. भूक दाबायची गोळी म्हणून सीबी-१ बंद करणारं रिमोनाबँट २००६ मध्ये युरोपात आलं तेव्हा उलटी बाजूही दिसली: लोकांना नैराश्य येऊ लागलं आणि २००८ मध्ये ते थांबवावं लागलं. हा ब्रेक सतत दाबून चालत नाही आणि काढूनही चालत नाही.

संध्याकाळी पाचनंतर चकतीतल्या पेशी फुगायला लागतात, कडा धूसर होतात, सील लागेनासं होतं. त्या दिवसाची सातवी पेशी मिळाली नाही तर हट्ट करण्यात अर्थ नसतो. बुडबुडे बंद करायचे, आधी अल्कोहोलने आणि मग शुद्ध पाण्याने नळ्या धुवायच्या. रिगच्या, म्हणजे या सगळ्या मांडणीच्या, वरच्या फळ्यावर माझ्या अक्षरात एक ओळ दोन वर्षांपासून आहे, ती कोणी पुसत नाही: विन वापरलं असेल तर नळी फेकून द्या.