कारखान्यावर निघण्याआधी आयुष्मान कार्ड काढा

दिवाळीच्या सुमारास सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुढचे काही महिने घर म्हणजे फडाजवळची कोपी. कार्ड हिंगोलीचं, मग कोल्हापूरला कसं चालेल, असं अनेकांना वाटतं. चालतं! पार कर्नाटकातही. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार देशभरातल्या कुठल्याही अंगीकृत रुग्णालयात मोफत मिळतात. मात्र भरती व्हावं लागतं. नुसत्या तपासणीचा, गोळ्या-औषधांचा खर्च यात बसत नाही. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा. कार्ड प्रत्येकाचं वेगळं, लेकरांचंही. पेटीत ठेवू नका, सोबत न्या. अंगीकृत रुग्णालय कोणतं, हे 14555 वर फुकट विचारता येतं. मुकादमांनो, हा नंबर टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला द्या.