घड्याळ की गुरुजी? ऑलिव्हच्या लयीचा मागोवा

लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींना वेलीसारखे बिलगून चढणारे तंतू सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेखाटले. ते येतात कुठून, हे कळायला मात्र १९५९ साल उजाडावे लागले. हंगेरीच्या यानोश सेंटागोताई यांनी सहकाऱ्यासह त्यांचा माग लंबमज्जेतल्या ‘इन्फिरिअर ऑलिव्ह’ या पेशीसमूहापर्यंत काढला. १९६६ मध्ये जॉन एकल्स, रोदोल्फो यिनास आणि सासाकी यांनी दाखवले, की असा एकच तंतू आपल्या पर्किंजे पेशीला हमखास उद्दीपित करतो. पण हा संदेश येतो सेकंदाला सरासरी एकदाच, आणि पर्किंजे पेशी एरवी सेकंदाला कित्येक डझन स्पंद देत असते. इतका जोरकस आणि इतका विरळ ठोका कशासाठी?

पहिले उत्तर गणिती विचारातून आले. डेव्हिड मार (१९६९) आणि जेम्स आल्बस (१९७१) यांनी ऑलिव्हला गुरुजींची भूमिका दिली: हालचाल चुकली की हा ठोका पडतो आणि पर्किंजे पेशीकडची जोडणी बदलते. तशी जोडणी खरोखरच क्षीण होते, हे मासाओ इतो यांनी १९८२ मध्ये प्रयोगाने दाखवले.

दुसरे उत्तर प्रयोगशाळेतल्या थरथरीतून निघाले. हरमलच्या बियांतले हार्मालीन दिलेल्या मांजरांना सेकंदाला दहाच्या आसपास कंप सुटतो, आणि त्याचा उगम ऑलिव्हमध्ये आहे, हे १९७३ मध्ये कळले. पुढच्याच वर्षी यिनास, बेकर आणि सोतेलो यांना तिथल्या पेशी विद्युत जोडांनी थेट सांधलेल्या आढळल्या. खरा कलाटणीचा टप्पा १९८१ चा. यिनास आणि योसेफ यारोम यांनी गिनीपिगच्या मेंदूचे काप जिवंत ठेवून पेशींत इलेक्ट्रोड रोवले. पेशीचा विद्युतदाब खाली गेला, की कमी दाबावर उघडणाऱ्या कॅल्शियम वाहिन्या पुन्हा सज्ज होतात आणि दाब परतताना उसळी देतात. १९८६ मध्ये त्यांनीच दाखवले, की ठोका पडत नसतानाही हा दाब सेकंदाला चार ते सहा वेळा वरखाली होत राहतो. म्हणजे घड्याळ!

वाद पेटला तो १९९५ मध्ये. यिनास यांच्या गटाला चाटणाऱ्या उंदरांत अनेक पर्किंजे पेशींचे ठोके जिभेच्या लयीशी जुळलेले दिसले. त्याच वर्षी कीटिंग आणि थॅक यांना हालचाल करणाऱ्या माकडांत अशी नियमित टिकटिक सापडली नाही.

पुढच्या प्रयोगांनी दोन्ही बाजूंना धक्का दिला. विद्युत जोडांसाठी लागणारे कनेक्सिन-३६ हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या कापांतही लय टिकली, फक्त पेशींचा मेळ सुटला, असे २००२ मध्ये दिसले. अशा उंदरांची चालही फारशी बिघडलेली नव्हती. २००७ मध्ये बेशुद्ध पण जिवंत उंदरांच्या ऑलिव्ह पेशींतही लय थेट नोंदवली गेली. मात्र पेशीपेशीत आणि वेळोवेळी ती बदलत होती.

पाच दशकांचा हा हिशोब मांडला, तर ‘घड्याळ की गुरुजी’ हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला, असे म्हणावे लागते. दाबाच्या वरच्या टप्प्यावर आलेली सूचना पेशीला पेटवते, खालच्या टप्प्यावर आलेली बहुधा वाया जाते. सूचना बाहेरून येते आणि ती कधी ऐकायची, हे लय ठरवते. शिकणे आणि वेळ साधणे ही दोन वेगळी खाती मेंदूने ठेवलेलीच नाहीत. ती संशोधकांनी पाडली होती.